दुसऱ्या कॅमेऱ्यातली आचल

अकोटच्या पौर्णिमाच्या हाताखालून आजवर कितीतरी लग्नं गेली होती. अकोल्याचा गोवर्धन शूटिंग करून हार्ड डिस्क धाडायचा आणि ही घरी कॉम्प्युटरवर बसून त्याची फिल्म जुळवायची. हवं तिथं ‘आय’ दाबायचं, पुरे झालं तिथं ‘ओ’. दोन खुणांमधलं राहतं, बाकीचं जातं.

त्या दुपारी अमरावतीच्या एका लॉनवरची वरात तिच्यापुढं होती. नवरदेवाचा मामा नाचतनाचत फाटकापाशी आला. तिथं सारख्या हिरव्या साड्यांतल्या, स्वागतासाठी भाड्यानं आणलेल्या मुली गुलाबपाणी शिंपडत होत्या. मामानं एकीचा हात धरला आणि तिला नाचात ओढलं. मुलीनं मान वळवली.

ती आचल होती. पौर्णिमाची लेक. अमरावतीला शिकणारी, विचारलं की लायब्ररीत असणारी.

तेवढ्यात कॅमेरा घोड्याकडं फिरला.

पुढं काय झालं? पौर्णिमानं दुसऱ्या कॅमेऱ्याचं शूटिंग टाइमलाइनवर ओढलं, बँडच्या ठेक्याशी ठेका जुळवला आणि बाणाचं बटण दाबत एकेक चित्र पुढं सरकवू लागली. कोपऱ्यात आचल मनगट सोडवत होती. मामा हसत होता, भोवतालचेही हसत होते. हात सुटला. आचलनं पदर सारखा केला, गुलाबदाणी उचलली आणि पुढच्या पाहुण्याकडं बघून हसली. ते हसणं पौर्णिमानं मागंपुढं करत कितीदा तरी पाहिलं. मग फोन लावला.

“काय करून राहिली वं?”

“अभ्यास.”

“गुलाबपाणी शिंपडून?”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

“कोणीच मधात नाही पडलं?” आईनं विचारलं.

“मीच सोडवला हात. बाकीचे पाहून राहिले होते.”

“मग काहून जातेस?”

“दर वेळी तुमाले पैसे कसे मागू, आई?”

“आता नको जाऊ.”

“मलेच काहून सांगतेस? त्या मामाले सांग.”

“गोवर्धनभाऊले मामाचा नाच पुरा पाहिजे,” पौर्णिमा म्हणाली. “काय करू?”

“काप. बाबा तुझ्या मागं बसून पाहतात ना, त्याईले कळाले नको.”

पौर्णिमानं हात धरण्याआधी एक खूण केली, सुटल्यावर दुसरी, आणि या वेळी मधलंच काढून टाकलं. चालवून पाहिलं. मामा नाचत फाटकाशी आला आणि नाचतच आत गेला. बँडचा ठेकासुद्धा चुकला नाही. असा सांधा जमला की एरवी ती खूश व्हायची. आज तिनं तो पुन्हा चालवून पाहिला नाही. तिनं पुन्हा फोन लावला.

“आता कुठं, कधी आहे तुमचं काम?”

“उद्या. मूर्तिजापूरले.”

“मी येऊन राहिली.”

“तू येऊन काय करशील?”

“उभी राहीन फाटकापाशी.”

आचल हळूच म्हणाली, “दुपारच्या गाडीनं ये. संध्याकाळी बसमध्ये उभं राहाले जागा नसते.”