पडवीतला केर

युद्ध कोण जिंकतंय, यावर काल शेजारच्या वहिनींच्या पडवीत आमचा वाद रंगला होता. भुईमुगाच्या शेंगा फोडत आम्ही एकमेकांना हरवत होतो. “हे युद्ध हवंच कशाला?” म्हणणाऱ्याला तर सगळ्यांनी मिळून गप्प केलं. उठताना टरफलांचा पसारा बघून मी ओशाळलो आणि केरसुणी उचलली.

“राहू द्या, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “रजा अर्धी टाकून सकाळीच पलटणीत परत गेलाय पोरगा. पोचल्याचा फोन नाही अजून.”

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत मागे केर काढत नाहीत. विसरलोच होतो.

आज उठल्यापासून मी खिडकीशी आहे. टरफलं तशीच आहेत. कोण जिंकलं, कोण हरलं, ते राहू दे. त्या पडवीतून एकदा केरसुणीचा आवाज येऊ दे.