मांगुराची पारख

मांगूर मासा माझ्या पातेल्यात टाकण्याआधी ती त्याच्या डोक्यामागे अंगठा दाबून बघायची. "ह्यो आपला," म्हणायची आणि मगच सोडायची. आपण बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतो ना, तसंच. फक्त इथे पारख विकणारी करायची.

मुळशी धरणाच्या फुगवट्याकाठी माझी खाणावळ आहे. ती पलीकडच्या कातकरी वाडीतली. बारकी मासळी, झिंगे, खेकडे, जे जाळ्यात येईल ते टोपलीतून आणायची. गिऱ्हाईक काट्यांवरून कुरकुरलं की माझ्यावरच डाफरायची, "काट्याला भ्यात्यात तर मासा खात्यात कशाला? साबुदाना खा म्हनावं त्यास्नी."

मांगूर मात्र ती मोजकेच द्यायची. वाडीत बाळंतीण असली की एकही नाही. मी हट्ट धरला तर म्हणायची, "रक्त भरतंय त्यानं. तुमच्या पुन्याच्या सायबाला काय रक्त कमी हाय व्हय?"

म्हणून मी माझ्या शेततळ्यात स्वतःच मांगूर पाळायचं ठरवलं. बाहेरून एक जण पिल्लं देऊन गेला. मासे भराभर वाढले. मग कळलं, ही परदेशी जात आहे, पाळायला बंदी आहे आणि तपासणीवाले आले तर सगळे मारून खड्ड्यात पुरावे लागतील. मारायला माझा हात धजेना असं लिहिलं तर खोटं होईल, मी रोज मासे कापते. खड्डा खणायला माणूस मिळत नव्हता, एवढंच. एका पावसात तळं भरून वाहायला लागलं, तेव्हा मी सांडव्यावरची जाळी काढली. मासे ओढ्याला लागले आणि ओढ्यातून धरणात गेले.

दोनेक पावसाळ्यांनी तिचा अंगठा अडखळायला लागला. "डोकं परक्याचं, अंग आपल्याचं. मिसळलाय ह्यो." असल्या माशांचे ती पैसे घेईना. "ह्यो काय हाय ते मलाच ठाव न्हाई. तुमाला काय म्हनून इकू?"

मी ते फुकट घेतले. रस्सा केला. लोकांनी बोटं चाटली.

पुढे झिंगे गेले, बारकी मासळी गेली. जाळ्यात तेच ते मिशाळ धूड यायला लागलं. तिच्या लेकीच्या बाळंतपणात ती पाच दिवस ओढा धुंडाळत होती. एकही आपला मांगूर मिळाला नाही. "कुनी सोडलं आसंल वो ताई?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "आले असतील वाहून कुठून तरी."

मग देवळात गावाची बैठक झाली. मासे वाडीवाल्यांनीच आणून सोडले, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. वाडीने ओढ्यात आणि फुगवट्यात जाळं टाकायचं नाही, असं ठरलं. ती दारात उभी होती. "आमी कशाला सोडू? आमच्याच ताटात आमी माती कालवू व्हय?" म्हणाली. "गप गं, तुला कोन इचारतंय?" आतून कोणीतरी ओरडलं. ती आम्हा बायकांकडे बघत राहिली. मी मोबाइलमध्ये बघत होते.

आठ दिवसांनी मी वाडीवर गेले. रिकाम्या हाती जाववेना म्हणून तांदूळ घेतले. "मावशी, ते मासे माझ्या तळ्यातले."

"ठाव हाय की," ती म्हणाली. "तुमच्या सांडव्याखाली गावला व्हता मला पयला."

"मग बैठकीत बोलली का नाहीस?" हे विचारतानाही माझा आवाज चढलेलाच होता.

"माजं कोन ऐकतंय? तुमी बसला व्हता की म्होरं. तुमी बोलाल म्हनून शेवटपत्तुर उभी ऱ्हायले."

तांदूळ तिने घेतले नाहीत.

बोलायला मला पुढच्या बैठकीचा दिवस उजाडावा लागला. उभी राहिले आणि जाळी काढल्यापासूनचं सगळं सांगितलं. कोणी मला गप म्हणालं नाही. उलट एक म्हातारे म्हणाले, "चुकतंय मानूस, वैनी. बसा." बंदी तिथल्या तिथे उठली. कोणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला.

मी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर आमच्या सगळ्यांच्या चपला होत्या. जाळं बंद झाल्यावर वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला निघून गेली होती, त्याला महिना होत आला होता. बाकीचे पुढे परतले. ती आली नाही.