बावखल बुजवताना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. नाताळ आणि ईस्टरच्या आधी फादरांपुढे गुडघे टेकून बाकीची पापं सांगत आलो — रागावलो, शिवी दिली, रविवारची मिस्सा चुकवली — पण हे नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

आमच्या पापडी गावात मला दूरदृष्टीचा माणूस म्हणतात. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा शाल घालताना तिघांनी हाच शब्द वापरला. वर्गात हा शब्द मीच किती वर्षं शिकवला! पुढे काय होणार ते आधी ओळखून वागणं. अर्थ चुकीचा नाही. मला पुढचं स्पष्ट दिसत होतं — तेच तर सांगायचंय.

आमच्या घरामागे बावखल होतं. पावसाचं पाणी साठवणारं, वाडीतलं लहानसं तळं. चार घरांचं सामाईक. ऐंशी साल उजाडायचं होतं, आणि मला ते बुजवायचं होतं. मुलं मोठी होतील, मागे दोन खोल्या लागतील, दारापर्यंत गाडी यायला रस्ता लागेल — सगळं डोक्यात आखलेलं. दोन घरं लगेच तयार झाली, त्यांची माणसं नोकरीला लागली होती, वाडी कुणी कसत नव्हतं. चौथ्या घरातली रोजामावशी एकटी नको म्हणत होती. नवरा वारल्यापासून मोगरा आणि भाजी यांवर तिनं घर चालवलेलं. बावखलाला लागूनच तिची विहीर होती.

बावखल गेलं तर त्या विहिरीचं काय होईल? मला माहीत होतं. वडील सांगून गेले होते — वरचं गोडं पाणी हटलं की खाडीचं खारं आत सरकतं, आणि पश्चिमेच्या विहिरी आधी बिघडतात. तिची विहीर पश्चिमेला. मग मी काय केलं? दोन वर्षं आधीच पूर्वेच्या टोकाला माझ्यासाठी नवी विहीर खणून घेतली. आहे की नाही दूरदृष्टी? थुंकावंसं वाटतं मला या शब्दावर.

त्याच सुमारास धाकटी मुलगी तापली. पाच वर्षांची होती. डॉक्टरांकडे मी एकटाच घेऊन गेलो. त्यांनी घसा बघितला, टॉन्सिल सुजलेत म्हणाले, गोळ्या दिल्या. आणि मी — कसं सांगू हे — येताना वाटेत भेटेल त्याला हिवताप सांगितला. बावखलातल्या डासांचा. मोगऱ्याच्या पुड्या बांधायला मावशी केळीची सोपटं, म्हणजे खोडाच्या साली, त्या पाण्यात भिजत टाकायची, त्यांना जरा वास यायचा. सोपटं कुजतात, तिथेच डास होतात, असंही मीच म्हणालो. तिचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का?

मुलगी चौथ्या दिवशी उड्या मारत होती. अजून अशक्त आहे म्हणून मी तिला आणखी तीन दिवस अंगणात जाऊ दिलं नाही.

मावशीनं आठवड्याच्या आत हो म्हटलं. मातीचे ट्रक आले, बावखल सपाट झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. मग मोगऱ्याची पानं कडेनं करपली, आणि शेवटी झाडंच उपटून टाकावी लागली. साठीच्या वयात ती लोकांच्या वाडीत निंदणीला जाऊ लागली. प्यायचं पाणी माझ्या विहिरीवरून न्यायची. कळशी कमरेवर घेताना दर वेळी म्हणायची, "तुजे उपकार रे बाबा." मी म्हणायचो, असू दे. मरेपर्यंत, आठ वर्षं. या आठ वर्षांत एक दिवस तरी तिला खरं सांगता आलं नसतं? आलं असतं. देवळात म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शाळेत माझी पत राहावी एवढ्यासाठी गप्प बसलो, दुसरं कारण नाही.

इथवर सांगायला तसं सोपं होतं. एक गोष्ट अजून राहिलीय — ती आठवली की स्वतःच्याच अंगाची किळस येते.

होकार द्यायला मावशी स्वतः आमच्याकडे आली होती. ओट्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, वर ये म्हटलं तरी येईना. हातात मुलीसाठी आणलेली केळी. मान खाली.

"माज्या सोपटांनी तुजी पोर आजारी पडली," ती म्हणाली. "बुजव तू. पन मला माफ कर."

ती रडत होती. आत मुलगी बाहुलीशी मोठमोठ्यानं बोलत होती, दोघांनाही ऐकू येत होतं.

मी दोन पायऱ्या खाली उतरलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिला माफ केलं.