गेटवर जमा केलेला फोन

अथालचा पूल मागे पडला तरी दुर्गाने तोंडावरचा रुमाल सोडला नव्हता. दर चैत्रात आमच्या सामरवरणीच्या चाळीतल्या बायका चालत देवीला जातात. ऊन डोक्यावर आलेलं, आणि ही नुसते डोळे उघडे ठेवून चालत होती.

"अगं, देवीने तरी ओळखायला हवं ना तुला," मी म्हणाले.

"देवी ओळखेल हो मावशी. बाकीच्यांनी नाही ओळखलं तर बरं."

दुर्गा शहाद्याकडची. सहा वर्षं धाग्याच्या कारखान्यात आहे, सकाळी सात ते संध्याकाळी सात. धाकट्या बहिणीला तिनेच नर्सिंगला घातलं. तोंडाने फटकळ. सुपरवायझर "जल्दी करो" म्हणाला तर "मशीन को बोलो ना साहेब, मैं तो तयार खडी है," म्हणणारी. दिवाळीपासून तिच्या खोलीत तिच्या गावची सोनम राहते. सोनमची रात्रपाळी. एकीने गादी सोडली की दुसरी येऊन त्याच गादीवर पडायची. दोघींची भेट दारातच, दहा मिनिटांची. सोनमला बसमध्ये बसवताना तिची आई दुर्गाला म्हणाली होती, "तुझ्या पदरात टाकतेय पोरीला."

महिन्यापूर्वी कारखान्याच्या गेटवर मिठाईचा डबा घेऊन एक माणूस उभा राहिला. नाव रोहन, राहणार वापी. दुर्गा बाहेर येताच म्हणाला, "रितू, तूच म्हणालीस ना, रविवारी भेटू?"

"कोण रितू? चष्मा लावा आधी," दुर्गा म्हणाली. सगळे हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी भाजी बाजारात, तिसऱ्या दिवशी आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर. त्याने फोन दाखवला. लग्नाआधी ओळखी करून देणारं कसलंसं अॅप, नाव रितू, आणि फोटो दुर्गाचे. हळदीकुंकवाची निळी साडी, आरतीतला चेहरा. कारखान्याचं नावही रितूनेच सांगितलेलं.

एवढं मला ठाऊक होतं. पुढचं ती चालता चालता सांगत होती. रोहनने तिचा भाऊ सुकदेव शोधून काढला आणि चार महिन्यांचं सगळं बोलणं त्याला पाठवलं. सुकदेवचा फोन आला. रविवारी येतो, सामान बांधून ठेव, पुरे झाली नोकरी.

"मी देवीची शपथ घेतली, मावशी. दादा म्हणतो, फोटो तुझा, तोंड तुझं, मग बोललं कोण?"

"मग?"

"मला लाज वाटावी म्हणून दादाने ते मेसेज मलाच पाठवले. काल मी लाज बाजूला ठेवून वाचले. वेळ बघितली. सकाळी अकरा. दुपारी दोन. त्या वेळेला माझा फोन कुठे असतो?"

सगळ्या चाळीला माहीत आहे. पाळीवर जाताना फोन गेटवरच्या पेटीत जमा करायचा, सुटल्यावरच परत मिळतो.

"म्हणजे सुटलीस की गं तू!"

"पुढे ऐका. एका मंगळवारी अकराला लिहिलंय, आत्ताच डोकं धुतलं, ओढणी वाळत घातलीय, बघ. खाली फोटो. दोरी आमच्या खोलीतली. पिवळी ओढणी माझी. आणि मी मशीनवर."

दिवसा त्या खोलीत एकटी सोनम असते. दर मंगळवारी संध्याकाळी पाळीला जायच्या आधी ती माझ्या शेजारी उभी राहून आरतीचं ताट धरते. मी थांबले; मागच्या बायका पुढे निघून गेल्या.

"विचारलंस तिला?"

"विचारलं. रडली. म्हणाली, ताई, माझ्या फोटोला कोणी उत्तरच देईना. तुझा टाकला, तर तो रोज सकाळी विचारायचा, जेवलीस का."

"आणि तो तुझ्या मागे फिरतोय, हे माहीत होतं तिला?"

"मीच सांगायची ना, रोज, दारात." दुर्गाने रुमालाला हात लावला. "हा तिनेच दिलाय. म्हणाली, तोंड बांधून जात जा, ताई."

आम्ही पुन्हा चालू लागलो. देवळाची शिखरं दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "उद्या पोलिसांत जातेय. तक्रारीचा कागद बघितल्याशिवाय दादा ऐकायचा नाही, आणि कागदावर तिचं नाव घालावंच लागेल. घालीन मी. पण तिच्या आईला फोन माझ्याने व्हायचा नाही. पोलिसांचा जायच्या आत तुम्ही कराल, मावशी?"