उष्टी पुस्तकं

पुस्तक वरून आलं. वाचनालयाच्या ओट्यावरून, तीन पायऱ्या ओलांडून, माझ्या बाबांच्या पायाशी. पडताना उघडलं आणि उपडं झालं.

"उचल!" वाचनालयाचे चिटणीस ओरडले. "पाह्य काय करून ठेवलं तुनं. राजा आधी मेला अन् मंग पाळण्यात रडून राह्यला!"

ओट्यावर सात-आठ जण वर्तमानपत्र वाचत बसले होते. सगळे हसले.

बाबा वाकले. पुस्तक उचललं. त्यावरची माती स्वतःच्या धोतराला पुसली. म्हणाले, "चुकलं, मालक."

मी त्यांच्या मागे उभी होते. बारा वर्षांची. हातात त्यांच्या हत्यारांची पिशवी.

मुलांनो, मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तू लहानपणी काय वाचायचीस? मी म्हटलं, मिळेल ते. ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर फोनवर देता आलं नसतं, म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्हाला सवय आहे तसं, आता क्रमानं.

आमचं गाव मानोऱ्याच्या वाटेवर. नाव लिहीत नाही. त्या माणसांची नातवंडं अजून तिथं राहतात. आम्ही चांभार. बाबा जोडे शिवायचे, विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवायचे आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकंही शिवायचे. पुस्तकाच्या पाठीतून जाड दोरा ओवायला आरी लागते. आरी आमच्याकडे. मेण लावलेला दोरा आमच्याकडे. म्हणून पुस्तकं आमच्या घरी यायची.

यायची, म्हणजे शिपाई ती पायरीखाली ठेवायचा आणि आम्ही उचलायचो. परत नेली की तो ती ओट्याच्या कडेला गोणपाटावर मांडायचा, तुळशीच्या पानानं पाणी शिंपडायचा आणि दिवसभर उन्हात ठेवायचा. मगच कपाटात. पोथ्या-पुराणं मात्र आमच्याकडे कधी येत नसत. ती चिटणीस स्वतः खळ लावून चिकटवत. त्यामुळे माझ्या वाट्याला आलं ते उरलेलं. थोरामोठ्यांची चरित्रं. इतिहास. अद्भुत कथा. मुलांच्या गोष्टी. देवाधर्माचं सोडून सगळं.

बाबांना अक्षर येत नव्हतं. पुस्तक यायचं ते सुटलेल्या जुड्यांचा ढीग होऊन. सोळा-सोळा पानांची एक जुडी. त्या जुड्या क्रमानं लावायचं काम मी शाळेत जायला लागले तेव्हापासून माझं. आधी पानांचे आकडे पाहून लावायचे. मग लक्षात आलं, पुष्कळ पुस्तकांत आकडेच नसतात. पानांच्या खालच्या कडा उंदरानं खाल्लेल्या असत. बाबा त्या कडा चामडं कापायच्या रापीनं सरळ कापून टाकत आणि आकडे कातरणात जात. मग वाचूनच लावावं लागे.

अक्षरं शाळेत कळली, पण वाचायला मी अशी शिकले. कुणी शिकवलं नाही. चरित्रात माणूस म्हातारा होत जातो, ते धरून लावायचं. इतिहासात किल्ला आधी कुणाचा आणि मग कुणाचा, ते धरायचं. मुलांच्या गोष्टी सोप्या. एक गोष्ट तीन-चार पानांत संपते, दुसरी सुरू होते. सगळ्यांत कठीण अद्भुत कथा. तिथं म्हातारा तरुण होतो, मेलेला उठतो, काळाचा काही भरवसा नाही. तिथं वस्तू धरायची. राजपुत्राच्या हातात तलवार आली आहे का अजून यायची आहे? उडणारा घोडा लंगडा झाला आहे का? एकेक जुडी तीन-तीनदा वाचायची. माय चामड्याला तेल चोळत असायची आणि म्हणायची, "मोठ्यानं वाच, मले बी आयकू दे. फुकट थोबाड बंद करून बसू नको." मग मी मोठ्यानं वाचायची. घोड्याचा पाय मोडला तेव्हा माय दोन दिवस हळहळत होती.

त्या वेळी आलेलं चरित्र होतं एका राजाचं. जाडजूड. गावचे मोठे जमीनदार आबासाहेब, त्यांनी वाचनालयाला दिलेलं. वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता आणि त्यात आबासाहेबांचा नातू त्यातलं एक प्रकरण वाचणार होता. घाई होती. आणि मी घरी नव्हते. जऊळक्याला मावशीकडे गेले होते. जाण्याआधी तीन दिवस मी ते वाचत होते, पण जुड्या लावून झाल्या नव्हत्या.

बाबांनी एकट्यानं लावलं. कसं लावलं, ते मला नंतर कळलं. पुस्तक पावसात भिजलेलं होतं आणि पानांचे आकडे कडांबरोबर कातरणात गेले होते. प्रत्येक जुडीवर ओलीचा डाग होता, कुठं मोठा, कुठं लहान. बाबांनी डागाला डाग लावला. मोठ्यापासून लहानापर्यंत, नीट उतरत्या क्रमानं. चामड्याचे तुकडे ते असेच जुळवत, आणि त्यात त्यांची चूक कधी होत नसे. शिवण इतकी सुरेख होती! राजा मात्र आधी मेला.

आता पुन्हा त्या ओट्याखाली.

"अडाण्याच्या हाती पुस्तक देल्लं का असंच होणार," चिटणीस म्हणाले. "इतके दिवस तर बरा लावत होता. आताच काहून डोकं फिरलं तुयं?"



मी म्हटलं, "बाबाले वाचता येत नाही. पानं माह्या हातानं लागतात. मी गावाले गेली होती."

बाबांनी मागे हात करून माझं मनगट धरलं. घट्ट. तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसले.

"तू वाचतं?" चिटणिसांनी विचारलं.

"हो."

"आमची पुस्तकं?"

"शिवाले येतात तवा."

 वर्तमानपत्रं खाली आली. कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "म्हणजे चिटणीस, आपण इतके दिवस या पोरीचं उष्टं वाचून राह्यलो काय?"

उष्टं.

मी त्या पुस्तकांना हात धुऊन शिवायची. दिव्याचं तेल पडू नये म्हणून उजेड असेपर्यंतच वाचायची. कोपरा कधी दुमडला नाही. आणि उष्टं.

आबासाहेब आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले. त्यांना उष्ट्यापेक्षा उद्याची काळजी. "ते समदं मंग पाहू," ते म्हणाले. "उद्या माह्या नातवाले यातून वाचायचं हाय. लावते म्हणते ना? लावू द्या तिले. आत्ता. आपल्यासमोर."

"तिथंच बस," चिटणीस म्हणाले. "मातीत. अन् मोठ्यानं वाचून लाव. खोटं बोलतं का तेही पाहू."

बाबांनी रापीनं स्वतःचीच शिवण कापली. टाका टाका.  मी जमिनीवर बसले. ऊन डोक्यावर होतं. जुड्या एकवीस. वारा सुटला की पानं उडायची, म्हणून बाबांनी त्यांवर आरी, रापी, हातोडी ठेवली.

मी पहिली ओळ वाचायची, शेवटची वाचायची आणि ठेवायची. वरून कुणी मध्येच विचारायचं, "हे आधी काहून?" मी सांगायची, "यात भाऊ जिवंत हाय. त्यात भावाचं तेरावं झालं." पुढं पुढं विचारणं थांबलं. रस्त्यानं जाणारे उभे राहिले. चष्मेवाले खुर्ची पुढं ओढून ऐकू लागले. लढाईच्या जागी मी ओळ वाचून थांबले तर म्हणाले, "पुढचं वाच ना." माझं उष्टं ते कान देऊन ऐकत होते.

वीस जुड्या लागल्या. एक उरली.

ती कुठं बसते, हे मला माहीत होतं. जऊळक्याला जाण्याआधी तीच मी सर्वांत जास्त वेळा वाचली होती. तिच्यात ना लढाई, ना जन्म, ना मरण. दोन ठिकाणी बसेल अशी वाटायची. एकाच ठिकाणी खरी बसत होती.

आबासाहेब खूश झाले होते. "पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "चिटणीस, हिले बलावत जा अधूनमधून. इथंच खाली बसून लावत जाईल. अन् एखादं फाटकं पुस्तक द्या तिले. बक्षीस."

चिटणीस आत गेले. मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक घेऊन आले, पुठ्ठा नसलेलं. पायऱ्या उतरले नाहीत. वरूनच सोडलं. ते माझ्या मांडीजवळ मातीत पडलं.

बाबा हळूच मला म्हणाले, "घे माय. हात जोड."

मी पुस्तकाकडे पाहिलं. ते मला हवं होतं. खोटं कशाला लिहू? माझ्या मालकीचं एकही पुस्तक तोवर नव्हतं. मग मी ओट्यावरच्या टेबलाकडे पाहिलं. रिकामी खुर्ची होती. तीन पायऱ्या.

मी उठले. उरलेली जुडी हातात घेतली आणि म्हटलं, "हे कुठं बसते ते मले ठाव हाय. वर येऊन सांगीन. टेबलाशी बसून."

"काय म्हनलं?" चिटणीस म्हणाले.

मी तेच पुन्हा म्हटलं. शब्द न बदलता.

"जिभेले हाड नाही काय तुया? गोविंद्या, समजाव इले! बोट देल्लं तर हात धरून राह्यली."

आबासाहेबांचा आवाज चढला नाही. ते फक्त म्हणाले, "गोविंदा, माह्या तीन विहिरींच्या मोटा तुह्याकडं हायेत. ध्यानात ठेव." आमच्या घरात वर्षाची ज्वारी त्यांच्या खळ्यावरून यायची. बाबांना ते सांगायची गरज नव्हती. मलाही.

शिपायानं माझ्या हातातून जुडी काढून घेतली. पुस्तक वर गेलं. टेबलावर पाच शिकलेली माणसं त्यावर वाकली. एक म्हणाला इथं, दुसरा म्हणाला तिथं. चिटणीस पुस्तकांवर पहारा ठेवत, वाचत नसत. ते नुसते मान हलवत होते. पुष्कळ वेळ गेला. शेवटी त्यांनी जुडी एका जागी घातली आणि पुस्तक पुन्हा खाली आलं. "शिव."

बाबांनी आरी घेतली. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. नाही.

मला वाटलं, ते शिवतील. मला वाटलं, त्यांनी शिवावं. भीती मलाही वाटत होती. ज्वारीची कणगी डोळ्यांसमोर होती.

बाबांनी आरी पिशवीत टाकली. रापी टाकली. हातोडी टाकली. म्हणाले, "दोन डावे जोडे जोडी म्हणून देत नाही मी कोणाले. हे बी शिवत नाही."

आणि आम्ही निघालो. मातीतलं पुस्तक मातीतच राहिलं.

त्यांनी दुसऱ्या दिवशी तो समारंभ कसा पार पाडला, मला माहीत नाही. एवढं कळलं की पुस्तक शेवटी खळीनं चिकटवलं. चुकीचंच. बारा वर्षांच्या मुलीनं तीन पायऱ्या चढण्यापेक्षा त्यांना चुकीचं पुस्तक चाललं.

घरी माय खूप बोलली. "पुस्तकं उकडून खाता येतात काय? हिचं तर वय नाही, तुमची बी अक्कल चरायले गेली काय?" तिचं चूक नव्हतं. मोटा गेल्या. त्या वर्षी आबासाहेबांच्या खळ्यावरून आम्हाला दाणा मिळाला नाही. बाबा मानोऱ्याच्या बाजारात रस्त्याकडेला जोडे शिवायला बसू लागले. माय कापूस वेचायला जाऊ लागली. हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं, हे मी कधी विसरले नाही. आणि ते वाक्य मागे घ्यावं असंही मला एकदासुद्धा वाटलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही लिहून ठेवते.

त्या रात्री मला कुणी मारलं नाही. बाबा जेवले आणि म्हणाले, "कुठं बसत होती वं ती जुडी?" मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. बस्स.

सकाळी मी शाळेच्या वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला. देशाची घटना लागू होऊन काही वर्षं झाली होती; शिवाशिव पाळणं गुन्हा आहे, हे गुरुजींनी वर्गात एकदा घाईघाईत सांगितलं होतं. घाईत सांगितलेलंही मी ऐकलं होतं. अर्जात लिहिलं: मी या गावची रहिवासी आहे. मला वाचता येतं. मला वाचनालयाचं सभासद करून घ्यावं. खाली माझी सही. पालक म्हणून बाबांचा अंगठा. अंगठा देताना त्यांनी विचारलं, "वर काय लिवलं हाय ते वाचून दाखव." मी दाखवलं. म्हणाले, "बरोबर हाय."

मी एकटी गेले. पहिली पायरी चढले. दुसरी. तिसरी.  मी टेबलापर्यंत गेले आणि अर्ज चिटणिसांसमोर ठेवला. त्यांनी हात मागे घेतला.

"उचल हे," ते म्हणाले.

"नाही उचलत."

"इथं काही भेटत नाही तुले."

"तसं लिहून द्या. तुमच्या सहीनं."

त्यांनी लिहून दिलं नाही. अर्ज तसाच पडून राहिला. मी म्हटलं, "उद्या येईन उत्तर न्याले."

उद्या गेले. परवा गेले. शाळा सुटली की रोज गेले, त्या गावात होते तोवर. प्रत्येक वेळी तिन्ही पायऱ्या चढून.