कानबाईच्या सोमवारची हजेरी

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर धूळ साचते तसे ते साचतात, आणि कुणीतरी चहा मागवला की झटकले जातात.

आमची महापालिकेची मराठी शाळा सुरतेत, गोडादऱ्याच्या कडेला. भिंतीपलीकडे गुजराती शाळा. आमच्या पोरांचे आईबाप बहुतेक खानदेशी. कुणी लूमवर, कुणी साड्यांच्या घडीकामाला. इथला नियम साधा. पट घटला की शिक्षक घटतो, ग्रँट घटते, आणि वर्ग भिंतीपलीकडे जातो. यंदा पाळी पहिलीची होती. पहिली बंद झाली तर वैशालीबाई 'फाजल', म्हणजे जादा ठरून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार, आणि मागोमाग वरचे वर्गही आटणार.

म्हणून उन्हाळ्यात बाई घरोघर फिरल्या. एका घरी आईनं चहा दिला, शाळेचं तोंडभर कौतुक केलं आणि सांगितलं, की थोरल्या दर्शनला मात्र इंग्लिश शाळेत टाकलंय.

"का हो? आमच्याकडे पुस्तकं फुकट, जेवण फुकट."

"तेच ना बाई. फुकटात चांगलं कोण देतं?"

बाई उठायला लागल्या तर आई म्हणाली, थांबा, पोरगी आहे ना, खुशी, तिला तुमच्याकडेच घालते. बाईंनी खुशीचं नाव लिहून घेतलं. मला म्हणाल्या, "माझी अर्धी पहिली अशीच भरते सर. भाऊ व्हॅनमध्ये, बहीण माझ्याकडे." हसल्या, पण मला काही ते हसू बरं वाटलं नाही.

* * *

निवडणुकीच्या तोंडावर आम्हाला डिजिटल फळा मिळाला. एका पुढाऱ्यानं हार घालून उद्घाटन केलं. फळा आला, पण त्याचं कनेक्शन काही आलं नाही. आम्ही पाठपुरावा केला, तर कळलं की कनेक्शनचं हेड वेगळं, त्यात पैसा नाही. वर्गाला गळती होती, म्हणून फळ्यावर हारासकट साडीच्या पॅकिंगचं प्लास्टिक चढवलं.

तेच पुढारी पुन्हा आले, मतं मागत. पहिलीत शिरून कौतुकानं विचारलं, या फळ्यावर काय काय बघता बाळांनो? खुशी उभी राहिली.

"तुमचा हार."

* * *

आमचे हेडसर वानखेडे मूळचे यवतमाळचे. आमच्याकडे येऊन त्यांना दोनच वर्षं झालीत. दिवाळीनंतर मार्केट बसलं की लूम बंद पडतात, आणि बाप दाखला मागायला येतो: गावी चाललो, साहेब. हेडसर कधी नाही म्हणत नाहीत. बसवतात, पाणी देतात, आणि मग त्यांना शिक्का सापडत नाही. ड्रॉवर उपसतात, मला हाक मारतात, मीही शोधल्यासारखं करतो.

शेवटी सांगतात, जा तुम्ही, दाखला मागाहून घ्या. होळीपर्यंत लूम सुरू होतात आणि बाप पोराला घेऊन हजर! पोराचं नाव जागच्या जागी असतं. शिक्का हेडसरांच्या शर्टाच्या खिशात असतो, हे आता आईबापांनाही ठाऊक आहे. तरी ते दरवर्षी मागतात आणि दरवर्षी शोधाशोध होते.

* * *

हेडसरांची एकच नाराजी. श्रावणात रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते आणि तिच्या प्रसादाचा रोट होतो. तो खायचा फक्त भाऊबंदांनी, परक्याला कणभर नाही. पहिल्याच वर्षी हेडसरांनी खुशीच्या आजीला, दगूबाईंना, सहज म्हटलं, आम्हाला नाही का रोट? दगूबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "गुरुजी, जीव मागा. रोट नका मागू."

* * *

यंदा महापालिकेच्या ऑफिसातून फोन आला: साहेब पहिलीची डोकी मोजायला येणार, कुठला दिवस सोयीचा? हेडसरांनी हिशेब केला. कानबाई रविवारी, म्हणजे सोमवारी पोरं ताजीतवानी. सोमवारच दिला. आम्हाला कुणाला सांगितलंसुद्धा नाही, एकदम खूश करावं म्हणून. सोमवारी कानबाईचं विसर्जन असतं आणि अख्खी वस्ती मिरवणुकीत नाचते, हे त्यांना माहीत नव्हतं. ते रुजू झाले तेच दिवाळीच्या तोंडावर, आणि गेल्या वर्षी त्या सोमवारी ट्रेनिंगला होते.

साहेब गुजराती, शांत माणूस. पहिलीच्या दारात उभे राहिले. आत रिकामे बाक आणि वैशालीबाई. बाईंनी खडू खाली ठेवला. हेडसरांचा चेहरा बघवत नव्हता. साहेबांनी पेन उघडलं.

मी मागच्या गेटनं पळालो. या वयात मी धावतो हे मलाही नवीन होतं. मिरवणूक नाक्यावर होती, कानबाईचा चौरंग दगूबाईंच्या डोक्यावर. मी धापा टाकत दोन वाक्यांत सांगितलं. त्या तिथूनच वळल्या. त्यांच्यामागं डफ वळला, बाया वळल्या, पोरं वळली.

कानबाई शाळेच्या अंगणात थांबली. गुलालानं माखलेली पोरं पहिलीत शिरून आपापल्या बाकावर बसली. साहेबांनी डफ थांबवायला सांगितलं नाही. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजत गेले. खुशीशेजारच्या मोठ्या पोरापाशी थबकले.

"तू कौन सी क्लास में?"

"मी इथला नाही," दर्शन म्हणाला. "माझ्या शाळेत मी आज गैरहजर आहे."

साहेबांनी त्याला सोडून बाकीचे मोजले. कागदावर पहिली चालू ठेवण्याचं लिहिलं, सही केली. बाई पाठमोऱ्या होऊन फळा पुसत राहिल्या. फळा कोराच होता.

साहेब गेटपाशी पोचले तेव्हा दगूबाईंनी चौरंग सुनेच्या डोक्यावर दिला, कमरेची पिशवी सोडली आणि रोटाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. डफवाल्याचा हात थांबला. साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला.

थोरल्या सुनेनं दबक्या आवाजात विचारलं, आत्याबाई, हे काय केलं?

दगूबाई तिच्याकडे न बघता हेडसरांना अहिराणीतच म्हणाल्या, "गुरुजी, लिखी ल्या यानं नाव पटवर. आते हाऊ आपला भाऊबंद शे."