चार बोटं मागं

वडील गेले आणि त्यांची गाडी माझ्याकडे आली. तिला जायला दुसरी जागाच नव्हती. दोनच माणसं मावतील अशी, उघड्या टपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, गडद हिरवी जुनी स्पोर्ट्स कार. चाळीसेक वर्षांपूर्वी एका कारखानदाराच्या शेडमधून ती भंगारात निघाली, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या म्हणे. वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत एखादी वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो, तो ते करत. गाडीचे जे जे भाग मिळाले नाहीत त्यांचे त्यांनी नमुने केले आणि ओतून घेतले. मूळची ती सातासमुद्रापलीकडची, पण आता निम्म्याहून जास्त कोल्हापूरचीच आहे.

मला ती कधी आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षांचा असताना एके दुपारी वडील झोपलेत असं बघून मी तिच्यात बसलो होतो. घरात मी सगळ्यात उंच आणि वडील जेमतेम पाच फूट. गुडघे स्टिअरिंगला अडकले, क्लच दाबायला पाय वळेना. तेवढ्यात वडील समोर येऊन उभे राहिले. माझ्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "उतर."

एवढंच म्हणाले. मी उतरलो. त्यानंतर तीस वर्षं मी त्या गाडीला हात लावला नाही आणि त्यांनीही कधी लाव म्हटलं नाही. मी हायस्कुलात गणित शिकवतो, रागीट म्हणून शाळेत माझं नाव आहे. पण त्या एका शब्दाला काय उत्तर द्यायचं ते मला कधीच सुचलं नाही. आपण या माणसाच्या लायकीचे नाही, एवढंच मनात घट्ट बसलं.

वडील दर रविवारी सकाळी गाडी घेऊन जायचे आणि जेवायच्या वेळेला यायचे. कुठं जाता असं मी विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी एकदाच आमच्यात वाजलं. त्यांनी माझ्या बायकोकडून माझी चांगली करडी पँट मागून नेली होती. गाडी पुसायला माझीच पँट मिळाली का, म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. चार दिवसांनी पँट दोरीवर परत आली, तीही जराही न मळता. याचा अर्थ मला लागला नाही, आणि राग आला की मी अर्थ लावायच्या भानगडीत पडतही नाही.

वडील गेल्यावर सातआठ महिने गाडी जागेवरच उभी होती, मग ती विकायची असं मी ठरवलं. पुण्याचं एक गिऱ्हाईक चौकशी करत होतं, महिन्याभरानं बघायला येणार होतं. तोवर इंजिन अडकू नये म्हणून दर रविवारी चक्कर मारून आणा, असं गॅरेजवाल्यानं बजावलं. पहिल्या रविवारी दार उघडलं तर सीटच्या पाठीला एक उशी टेकवलेली होती, विटेएवढी जाड, जुन्या चादरीच्या खोळीतली. वडिलांची पाठ धरायची, त्यासाठी असेल, असं मी धरून चाललो. बायकोनं ती शिलाई मशीनच्या स्टुलावर टाकली. मी भीत भीतच गाडीत बसलो. गुडघे कुठंच लागले नाहीत, पाय क्लचवर बरोबर पडला. वयानं माणूस आक्रसतो म्हणतात, पण मी पन्नाशीतच इतका आक्रसलो? घरी येऊन दाराच्या चौकटीशी उंची मोजली. होती तेवढीच होती.

पण खरा गोंधळ रस्त्यावर सुरू झाला. सांगली रस्त्यानं हातकणंगल्याच्या दिशेला निघालो, तर समोरून एक तांबडी, चप्पट, नवी कोरी स्पोर्ट्स कार आली. तिनं दोनदा डिपर मारला आणि आतून एक हात वर झाला. आमच्याकडे समोरचा डिपर मारतो तेव्हा तुमचं काहीतरी चुकलेलं असतं. मी गाडी बाजूला घेतली. बॉनेट पाहिलं, चाकं पाहिली, डिकी पाहिली, सायलेन्सर लोंबतोय का ते वाकून पाहिलं. शेवटी स्वतःच्या शर्टाची बटणंसुद्धा तपासली. सगळं जागच्या जागी होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं, यावेळी गाडी पांढरी. दोन डिपर आणि हात. आता मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला: पुढं पोलीस आहेत. मी एका चिंचेखाली थांबून सगळी कागदपत्रं मांडीवर काढून अर्धा तास बसलो. एकही पोलीस आला नाही. एक म्हातारी शेळ्या घेऊन आली आणि गाडी बंद पडली का म्हणून विचारून गेली.

तिसऱ्या रविवारी मागून पिवळी गाडी आली. दोनदा डिपर मारला, झुईकन पुढं गेली आणि जाताना तिच्यातूनही हात वर झाला. आता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागून डिपर म्हणजे बाजूला हो, म्हातारड्या. वर हात करून दाखवतो! मी गाडी पळवली. तिला गाठणं या जन्मात शक्य नव्हतं, पण पुढं एका गावाच्या वेशीवर स्पीडब्रेकर होता आणि तिथं ती पिवळी बया उभी होती. मालक खाली उतरून चाकांपुढं दोन लाकडी फळ्या मांडत होता. गाडी इतकी बुटकी, की फळ्यांवरून चढवली नाही तर तिचं पोट घासलं जायचं.

मी उतरूनच आवाज चढवला. "का ओ पावणं, रस्ता काय तुमच्या नावावर हाय? डिपर कशाला मारला?"

तो पस्तिशीचा, जयसिंगपूरचा व्यापारी निघाला, हे नंतर कळलं. त्या क्षणी तो फळी हातात घेऊन पुढं आला.

"मारायचा न्हाय व्हय, अण्णा?"

"का मारला ते सांगा की!"

"वळख दिली. आपल्यातली गाडी दिसली की समदीच देत्यात. दोन डाव डिपर, मग हात. समोरच्यानं बी हात करायचा. तुमीच करत न्हाईसा. तांबड्या गाडीवाला परवा म्हनला, गाडी तीच हाय, पन हात करत न्हाय."

आपल्यातली म्हणजे काय, हे मला कळेना. आपल्यातला म्हणजे पाहुण्यातला, भावकीतला. त्याची गाडी गेल्या चार वर्षांतली, माझी कोंबड्यांच्या खुराड्यातून आलेली. सोयरीक कुठून जुळली? आणि मी माझी ओळख दिलीच नव्हती, तर हे मला इतके दिवस कुणाच्या नावानं हात करत होते?

"तुमी म्हाताऱ्या अण्णांचं चिरंजीव न्हवं?" त्यानं विचारलं. "आट म्हैनं गाडी दिसली न्हाय. परत दिसली तवा जीव भांड्यात पडला बगा. जवळ आलो तर काचंच्या वर डोस्कं. म्हनलं, ह्ये अण्णा न्हवंत. ते कसं हायत?"

मी सांगितलं. तो खाली बसला, तिथंच, स्पीडब्रेकरवर. हातातली फळी उलटसुलट करत म्हणाला, "ह्या त्येंनीच करून दिल्यात. माजी गाडी हितंच अडकल्याली. दर आयतवारी भेटायचो, च्या प्यायचो. माज्या गाडीला काय झालं तर पार्ट परदेशातनं यायची वाट बगायची. ते हसायचं. म्हनायचं, गाडी घेतलीस का गाडीनं तुला घेतलं?"

माझे वडील हसायचे, हे मला या माणसाकडून कळत होतं. मला त्याचाही राग आला. मग तो उठला आणि माझ्या गाडीत डोकावून अगदी सहज म्हणाला,

"गुडघं लागत न्हाईत न्हवं आता?"

माझ्या गुडघ्यांची गोष्ट या जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातला एक आता नव्हता.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"त्येंनीच की. तीन वर्सामागं सीट चार बोटं मागं घिऊन पक्की वेल्डिंग केली न्हवं का. पोरगा उंच हाय म्हनले. मापाला तुमची पँट आनल्याली, मीच धरल्याली एक बाजू. मग त्येंचंच पाय पुरंनात. पाठीला उशी लावून चालवायचं. मी म्हनलं, अण्णा, आदी पोराला तर इचारा. तर म्हनले, 'तेनं मागू दे की. मी उतर म्हनलोय. आता बस कसं म्हनू?'"

पुढं तो काय बोलला मला आठवत नाही. त्याची गाडी फळ्यांवरून चढवताना मी एका बाजूनं हात दाखवत होतो, एवढं आठवतं. थोडी डावीकडं, थोडी डावीकडं, बस.

घरी येऊन मी सीटखाली बॅटरी मारली. जुन्या बोल्टांची भोकं रिकामी होती. नवी पट्टी त्यांच्या मागं होती. मी मधल्या जागेत हात ठेवला, बोटं बरोबर चार बसली. गाडीशेजारी तसाच फरशीवर बसून रडलो आणि रडताना वडिलांना शिव्याही दिल्या. तीन वर्षं! एका छपराखाली, एकाच ताटलीतली चटणी खात, हा माणूस मी मागायची वाट बघत उशी लावून गाडी चालवत होता. आणि मी तिकडं पँटीवरून भांडत होतो. त्यांनी का नाही सांगितलं? मी तरी का नाही विचारलं? गणिताच्या माणसाला दोन्ही बाजू समान दिसत होत्या आणि उत्तर येत नव्हतं. बायको म्हणाली, "मामंजींचं आणि तुमचं एकच हाय." ते मला मुळीच पटलं नाही.

पुण्याच्या माणसाला मी नको म्हणून फोन करायला हवा होता. केला नाही. गाडी ठेवायची तर आता कुणाला दाखवायची, आणि द्यायची तर काय देऊन टाकतोय, मला काहीच ठरवता येईना. रविवारी तो ठरल्याप्रमाणे आला. माणूस सज्जन, बोलायला गोड. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, चपला बाहेर काढून तो आत बसला. देवळात गेल्यासारख्या त्या चपला काढलेल्या बघून मला तो आवडलाही. उंचीनं मात्र तो वडिलांएवढाच होता. पाय क्लचपर्यंत पोचेनात.

"सीट पुढे येत नाही का हो?"

"नाही. पक्की केलीय."

"मग तुमचे वडील कशी चालवायचे?"

"उशी घेऊन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. उशी माझ्या काखेत होती. स्टुलावरून ती मी केव्हा उचलली, मला आठवत नाही.

"हीच ना? द्या की मग," असं म्हणत त्यानं हसत हात पुढं केला.

मी उशी आणखी घट्ट धरली. त्याच्या क्लचच्या अलीकडेच राहिलेल्या पायांकडे बघत राहिलो, बराच वेळ, आणि मग म्हणालो, "उतरा."